चर्चच्या सभागृहातली वारली चित्रकार्यशाळा, गोरेगाव

आरेच्या पाड्यांवरच्या वारली बायका शिकवतात, चर्चची मंडळी फक्त जागा आणि चहा बघतात. सुरुवातीला प्रार्थना नाही, शेवटी पत्रकं नाहीत. धर्म घेऊन पाड्यांवर गेलेल्यांचा इतिहास पाहता हा संयम फार मोलाचा आहे.

तंत्र नीट शिकवतात. भिजवलेले तांदूळ बारीक वाटायचे, त्यात पाणी आणि थोडा डिंक. पातळ झालं तर वाळल्यावर रेघ पुसट होते, घट्ट राहिलं तर पोपडे निघतात. गेरूचा थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर पांढरा रंग गुलाबी होऊन पसरतो. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात.

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, मात्र शिकवत नाहीत. पालघट देवीचा तो चौक सुवासिनींनी काढायचा, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. तो पूजेचा भाग आहे. ही मर्यादा आयोजकांनी मानली, पण बाहेरच्या टेबलावर तोच चौक छापलेल्या पिशव्या विकायला! चित्रकर्तीचं नावही नाही. हे बंद व्हायला हवं.

शुल्कातला किती वाटा शिकवणाऱ्यांना मिळतो, हे नोंदणी करतानाच विचारा. पावतीवर ते नसतं.