नवा पिकअप आणि चोर्ला घाट: चार महिन्यांचा अनुभव

बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) डिझेल पिकअप मी खानापूरहून चोर्ला घाटामार्गे गोव्याला भाजी पोहोचवण्यासाठी वापरतो, आणि चार महिन्यांनंतर माझी तक्रार गाडीपेक्षा ती ताब्यात देणाऱ्यांबद्दल अधिक आहे. चावी देताना डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या, दिव्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. बेळगावच्या बाजारात थांबत-थांबत फिरताना तो पिवळा दिवा लागला, तेव्हा इंजिन बिघडले असे समजून मी गाडी कडेला लावली. वास्तविक, साचलेली काजळी जळून जाण्यासाठी महामार्गावर काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवणे पुरेसे होते. हे पुस्तिकेत लिहिले होते, पण इंग्रजीत. भाच्याने वाचून सांगितले.

घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला चांगले रोखून धरते, त्यामुळे ब्रेक तापून जळका वास येत नाही. चढ संपवून थांबल्यावर टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा, धुराच्या झोताने फिरणारा पंखा) निवावा म्हणून मी मिनिटभर इंजिन चालू ठेवूनच ते बंद करतो. हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा, कारण टायर तापले की दाब वाढलेला दिसतो; शिवाय भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे असतात. रिकाम्या परतीत मागचे स्प्रिंगचे पाटे मात्र हाडे खिळखिळी करतात.