ब्रॅग स्टेडियम, टॅलाहासी: मध्यंतरात जागा सोडायची नाही

फ्लोरिडा ए अँड एम, म्हणजे फॅमू, हे अमेरिकेत फ्लोरिडाची राजधानी टॅलाहासी इथे १८८७ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी सुरू झालेलं विद्यापीठ. त्यांचं फुटबॉलचं ब्रॅग मेमोरियल स्टेडियम १९५७ चं, साधारण पंचवीस हजार प्रेक्षकांचं. (फुटबॉल अर्थातच अमेरिकन.) प्रशिक्षक जेक गेथर यांनी पंचवीस वर्षांत २०३ सामने जिंकून दिले ते फॅमूच्याच संघाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधलं १०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा बॉब हेज त्यांचाच चेला.

सोयींच्या बाबतीत मात्र अपेक्षा कमीच ठेवा. प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि बहुतेक जागा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे बाक. सप्टेंबरच्या दुपारी ते तव्यासारखे तापतात, तेव्हा बसायला जाड उशी हवीच. तिकीट पश्चिमेच्या स्टँडचं काढा, ऊन पाठीवर येतं. पूर्वेला बसलात तर उतरत्या उन्हात कपाळावर हात धरून सामना बघावा लागतो. पावसासाठी रेनकोट घ्या. जवळपास वीज पडली की खेळ किमान ३० मिनिटं थांबतो आणि पुन्हा पडली की मोजणी पहिल्यापासून, त्यामुळे परतीचं काही घट्ट ठरवू नका.

पैसे वसूल होतात ते मध्यंतरात. 'मार्चिंग १००' हा इथला बँड १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या संचलनात वाजवून आलाय. नावात शंभर असले तरी वादक त्याहून कितीतरी जास्त. आधी एकेक पाऊल इतकं संथ पडतं की रांग गोठलीय असं वाटावं, मग गुडघे कमरेपर्यंत उचलत एकदम धावती चाल, आणि तरी सुसाफोनची (अंगाभोवती गुंडाळून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) ओळ कुठे वाकडी होत नाही. नवखे लोक नेमके तेव्हाच खायच्या रांगेत असतात. तळलेली मासळी, बार्बेक्यू जे काय खायचं ते आधी बाहेर टेलगेटिंगमध्ये (सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांपाशी रंगणारं खाणंपिणं) उरका.

आणखी दोन गोष्टी. पश्चिमेच्या पेन्साकोला शहरातून येत असाल तर वाटेत टाइम झोन बदलतो आणि घड्याळ तासभर पुढे जातं. हे विसरणाऱ्यांचा चारपैकी पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पहिला पाव भाग, हुकतो. शिवाय त्याच शनिवारी गावातल्याच फ्लोरिडा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाचाही घरचा सामना असेल तर हॉटेलांचे भाव पार चढतात. तिकिटाआधी दोन्ही वेळापत्रकं बघा.

सामना संपला म्हणून लगेच उठू नका. पाहुण्यांचाही बँड आला असेल तर दोघांचे सवाल-जबाब रंगतात. याला 'फिफ्थ क्वार्टर' म्हणतात. तोवर पार्किंगमधली कोंडीही सुटते.