पिवळा अ‍ॅनिमोन आणि ३,५०० रुपयांचा ‘कागद’

नाशिकमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. ‘टँकमध्येच वाढवलेला रोझ बबल टिप, कागदपत्रांसह’ असं म्हणून कुणी हा गुलाबी अ‍ॅनिमोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा समुद्री प्राणी, विकत असेल तर एक रुपयाही पाठवू नका. अ‍ॅनिमोनचे ७,५००, ऑक्सिजन पॅकिंग आणि थर्माकोल बॉक्सचे १,८००, ‘कागदा’चे ३,५००, असे माझे १२,८०० रुपये गेले. त्या प्राण्यापायी टँकमधली ९,४०० रुपयांची कोरल (प्रवाळ) मेली, ती वेगळीच. एकूण २२,२००.

मी नवशिकी नाही. टँक चांगला मुरलेला आहे, खारटपणा (पाण्याची सापेक्ष घनता) १.०२५ वर स्थिर असतो, नाशिकच्या मे महिन्यासाठी पाणी थंड ठेवणारा चिलर बसवलाय. कोरल म्हणाल तर झोआ, मशरूम आणि एक लेदर, सगळी सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेली. अ‍ॅनिमोन आणि कोरल एकत्र ठेवण्यातला धोका मला पाठ आहे. आपण बसवू तिथे अ‍ॅनिमोन बसत नाही. प्रकाश आणि प्रवाह पटेल तिथे सरकत जातो आणि वाटेत लागेल त्या कोरलला डंख मारतो. म्हणून मी त्याच्यासाठी बाजूला वेगळा रॉक लावला होता, चारी बाजूंनी वीतभर वाळू मोकळी ठेवली होती, वेव्हमेकरला, म्हणजे पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपाला, जाळी चढवली होती. एवढी तयारी करणाऱ्या बाईला ‘विचार न करता घेतलं असेल’ असं म्हणायचा कुणालाही हक्क नाही.

विकणाऱ्याचा व्हिडिओ आला, ॲडव्हान्स गेला, मग उरलेले पैसे, मग बॉक्सचे. हे सगळं कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे. खरी गोम त्या ३,५०० मध्ये होती. तो म्हणाला, “ताई, तुमच्या फोटोत कोरल दिसतायत. उद्या कुणी तक्रार केली तर? मी वनखात्याचा कागद काढून देतो.” तिथेच फोन ठेवायला हवा होता! दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या यादीत ना अ‍ॅनिमोन आहे, ना झोआ, ना मशरूम. मग परवानगी कशाची? हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कायदा आणि दंड हे शब्द रात्री साडेदहाला कानावर पडले की माहीत असलेलंही डोक्यात राहत नाही. या लोकांचा धंदा त्या भीतीवरच चालतो. कोरल ठेवणारा माणूस पोलिसांत जायला कचरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात उतरलं. घरी पिशवी उघडली तर पाण्याला पिवळसर छटा. आतला अ‍ॅनिमोन लिंबासारखा पिवळा. बबल टिप नव्हताच तो. बोट लावलं तर शुंडकं (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) चिकटली नाहीत. निरोगी अ‍ॅनिमोन बोटाला चिकटतो. पायाला एका बाजूने चीर गेलेली, तोंड सताड उघडं. तो रंगवलेला होता. त्याच्या अंगात राहून प्रकाशावर अन्न तयार करणारं शेवाळ निघून गेलं की अ‍ॅनिमोन पांढरा पडतो आणि उपाशी मरायला लागतो. असे मरायला टेकलेले प्राणी रंगात बुडवून विकतात. भडक पिवळा दिसला की हातच लावू नका.

मी लगेच विकणाऱ्याला फोन केला. “प्रवासाचा ताण आहे ताई, तोंड उघडून श्वास घेतोय, उद्या सकाळपर्यंत हलवू नका.” अ‍ॅनिमोन फुगतो, आकसतो, आतलं पाणी बदलतो, हे खरंच आहे, म्हणून ती थाप पटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रॉकवरून सुटून झोआंवर पडला होता, विरघळत होता. पाण्यात विषारी अमोनिया चढला होता. झोआ मिटले ते उघडलेच नाहीत, लेदरवर बुळबुळीत थर धरला. निम्मं पाणी बदललं, पाणी गाळणारा नवा कार्बन टाकला. मासे वाचले, कोरल गेली. तोंड उघडं आणि वास आला की अ‍ॅनिमोन त्याच क्षणी बाहेर काढा, विकणारा काहीही सांगो.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “मॅडम, हे फूल आहे की मासा?” दुसरा, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण.” मी म्हटलं, वनखात्याच्या नावाने पैसे उकळलेत, कागद खोटा आहे, शिक्का बघा. तो कागद कुणी हातातसुद्धा घेतला नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ज्या कार्यालयाच्या नावाचा शिक्का मारला होता तिथे गेले, तर तिथल्या साहेबांनी माझीच उलटतपासणी सुरू केली: घरात कोरल किती, कुठून आणली, पावत्या दाखवा. स्वतःच्या नावाचा खोटा शिक्का समोर पडलाय, त्याचं यांना काही नाही! तिथून पुन्हा पोलीस ठाणं, पोलीस ठाण्यातून ‘सायबरला जा’, सायबरवाले म्हणतात हद्द मुंबईची. २२,२०० रुपये यांना किरकोळ वाटतात. तो माणूस महिन्याला असे किती जणांना गंडवतो, हे विचारायची तसदी एकानेही घेतली नाही. प्रामाणिकपणे तक्रार करणाऱ्यालाच आरोपी करायचं असेल तर पुढे कोण येणार?

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षं आहे. हद्दीचं कारण तिथे चालत नाही. मी ती दाखल करतेय. पिशवी उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, माझ्याकडे नुसते फोटो आहेत. पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर अ‍ॅनिमोनचा पाय आणि तोंड बघा. ‘लाइट बंद आहेत’ म्हणाला तर सौदा मोडा.

तोच व्हिडिओ तो अजून फिरवतोय, फक्त नाव आणि नंबर बदललाय: हिरव्या काचेमागे दोन क्लाउन फिश, डावीकडे तुटका थर्मामीटर. तुम्हालाही हा व्हिडिओ आला असेल तर चॅट पुसू नका, पैसे पाठवल्याची नोंद जपा आणि मला कळवा. चार तक्रारी एकत्र गेल्या तर तो खोटा शिक्का त्यांना हातात घ्यावाच लागेल.