वर्धा नदीच्या पुलापलीकडचा ढाबा आणि लेकराची वाटी

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं देवळी, सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या पुढे आडवळणाच्या गावात. महिन्या-दीड महिन्याला हा रस्ता होतोच. गाडी दिराची ईको. तीत नवरा, सासूबाई, चार वर्षांची पोरगी आणि दहा महिन्यांचं बाळ. रस्ता चौपदरी झाल्यापासून वेळ कमी लागतो, पण पोरांना त्याचं काही नाही. वाटेतलं भिडी गाव सुटलं की एकीला भूक लागते आणि दुसऱ्याला झोप येते. सासूबाईंना तर भिडी यायच्या आधीच चहा हवा असतो.

मी अंगणवाडी सेविका आहे. रोज वीस-बावीस पोरं जेवू घालते. त्यामुळे हॉटेलात शिरले की माझी नजर आधी खाली जाते. नळ किती उंचीवर आहे, फरशी ओली आहे का, वायर कुठे लोंबते आहे. मेनूकार्ड नंतर.

आमच्याकडे ‘फॅमिली’ या शब्दाची एक गंमत आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो आणि पाट्या बदलतात. पाटीवर ‘फॅमिली’ लिहिलेलं असतं खरं, पण आत पडदे लावलेल्या खोल्या आणि पडद्यामागून ग्लासांचा आवाज. मागे एकदा पोरीने पडदा सरकवून आत डोकावलं आणि ‘काका, तुम्ही काय पिऊन राहिले?’ असं विचारलं होतं. काकांनी ‘थंडा’ म्हणून सांगितलं. दीर आठवडाभर हसत होता.

ज्या जागेबद्दल लिहिते आहे ती पूल ओलांडल्यावर कळंबच्या अलीकडे, डाव्या हाताला आहे. वर पत्रे, मागे मालकाचंच कपाशीचं वावर, अंगणात एक मोठा निंब. पाटीवर ‘फॅमिली’ नाही, फक्त ‘शुद्ध शाकाहारी’. दारू नाही. मालक म्हणतात, विकली असती तर कधीच पक्का स्लॅब पडला असता.

पहिल्यांदा थांबलो तेही नाइलाजाने. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, दुसऱ्या एका मोठ्या चकचकीत ठिकाणी गेलो होतो. बाहेर झोके, घसरगुंडी, प्लास्टिकचं जिराफ. पोरगी गाडीतून उतरली ती थेट घसरगुंडीकडे. दुपारचे दोन, घसरगुंडी लोखंडाची. तव्यावर बसल्यासारखी किंचाळली. मांडीवर लाल चट्टा उठला. आत जेवण यायला चाळीस मिनिटं लागली, तोवर ती रडून रडून झोपली आणि पनीरची भाजी आम्ही पार्सल करून घरी आणली. बिलात तिच्या नावाची पूर्ण थाळी होती. एसटीतसुद्धा पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं, बारापर्यंत अर्धं असतं. मार्च 2023 पासून तर आम्हा बायकांनाही अर्धंच आहे. हॉटेलवाल्याला मात्र चार वर्षांची पोरगी आणि सहा फुटी दीर एकसारखेच दिसले.

तेव्हापासून जिराफ दिसलं की मी दिराला सांगते, चाल पुढं.

या ढाब्यावर शिरलो तेव्हा बाळ भोंगा लावून रडत होतं. ऑर्डर घ्यायला कोणी आलंच नाही. आल्या त्या मालकाच्या आई, हातात पाण्याचा तांब्या.

‘काहून रडून राहिला जी बाबू? भूक लागली का?’

‘हो ना आजी. वरणभात मिळंल का? फोडणीच्या आधीचा पाहिजे, मीठ न टाकलेला.’

‘मिळते न. तुम्ही बसा, मोठ्याईचं मंग पाहू. लेकराचं पहिले.’

आणि खरंच, आमच्यापैकी कोणी काय खाणार हे विचारायच्या आधी स्टीलची छोटी वाटी आली. घरच्या तुरीचं घट्ट वरण, मऊ भात, वरून थोडं तूप. मी घड्याळ पाहिलं नाही, पण सासूबाईंचा चहा अजून उकळत होता, म्हणजे पाच मिनिटांच्या आतलं काम. पुढच्या खेपांना कळलं की दुपारी वरण शिजलं की फोडणी द्यायच्या आधी ते एका पातेल्यात वेगळं काढून ठेवतात. मीठही मोठ्या पातेल्यात फोडणीबरोबरच पडतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ-साखर देऊ नका, हे मी गावातल्या आयांना सांगून सांगून थकते. इथे कोणी न शिकवता ते पातेलं वेगळं निघतं. आजींना कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘आमच्या घरी तसंच करत होतो बाप्पा. लेकरू का तिखट खाते?’

माझ्या मते लहान पोरांसाठी हॉटेल चांगलं की वाईट हे या पहिल्या दहा मिनिटांतच ठरतं. मोठ्या माणसाची भूक थांबते, गप्पा मारते, मोबाइल पाहते. पोराची भूक आली की आलीच, आणि एकदा टळली की मग समोर पंचपक्वान्नं ठेवा, ते तोंड फिरवतं. अंगणवाडीत खिचडीला अर्धा तास उशीर झाला की तीच पोरं निम्मं ताटात टाकतात, हे मी रोज पाहते. त्या चकचकीत ठिकाणी मुलांसाठी वेगळं मेनूकार्ड होतं, त्यावर अस्वल होतं. पण अस्वलालाही चाळीस मिनिटं थांबावं लागलं असतं.

बसायची सोय साधीच. पोरांची वेगळी उंच खुर्ची नाही. मालकाने प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या, पोरीला वर बसवलं आणि खुर्ची भिंतीला टेकवून दिली. पोरीचं कोपर बरोबर टेबलाला लागलं. मी चार बोटांनी हलवून पाहिली, हलली नाही. बाळ असेल तर बाहेर निंबाखाली बाज आहे, आणि आत दोन खांबांमध्ये जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते. ही झोळी मालकाच्या स्वतःच्या नातवासाठी होती. नातू आता शाळेत जातो, झोळी तशीच आहे. आमचं बाळ त्यात पाऊण तास झोपलं आणि मी कित्येक महिन्यांनी दोन्ही हातांनी जेवले.

हात धुवायची जागा मला सगळ्यात जास्त आवडली. मोठ्यांच्या बेसिनच्या शेजारी, माझ्या गुडघ्याच्या थोडा वर एक वेगळा नळ आहे. साबण नायलॉनच्या जाळीत घालून नळाला बांधलेला, म्हणजे खाली पडत नाही, मातीत लोळत नाही. पोरगी स्वतः गेली, स्वतः हात धुतले, स्वतःच अर्धा फ्रॉक भिजवला. मालक म्हणाले, ‘नातू पाय उंच करून मोठ्या बेसिनवर लोंबकळे. एक दिवस बेसिनच खाली आलं. मंग हा लावला.’ आमच्या अंगणवाडीतला नळ अजून मोठ्यांच्याच उंचीवर आहे. मी पाट ठेवते.

पाजायचं असेल तर आजी स्वतःहून सांगतात, ‘आत पंखा हाय, जा.’ ती खोली म्हणजे कांद्याची आणि तांदळाची पोती, पण दाराला पडदा आहे, बसायला खुर्ची आहे आणि कोणी आत येत नाही. याआधी मी ईकोच्या मागच्या सीटवर ओढणी गुंडाळून, ओठांवर घाम घेऊन पाजत होते. कांद्याचा वास चालतो.

आता मोठ्यांच्या जेवणाचं. थाळी 130 रुपये. पोळ्या, वरण, भात, दोन भाज्या, ठेचा, कांदा. थंडीत वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर घ्या, डोळे मिटून. पाटवडीचा रस्सा मात्र सांभाळून. तर्री बोटभर तरंगते आणि दिरासारखा माणूसही नाक पुसतो. आलूची भाजी नेहमी एकाच चवीची, वर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भुरभुरलेला, बस. पोळ्या जाड. दही चांगलं. पोरीने एकदा वरणभातही नको म्हणून तोंड फिरवलं, तर आजींनी उरलेली पोळी कुस्करून गूळ-तुपाचा मलिदा करून दिला. त्याचे पैसे लावले नाहीत. शेवटच्या खेपेला आम्ही चार मोठे, पोरीचा वरणभात आणि बाळाची वाटी. बिल 550 आलं. चार थाळ्या आणि पोरीचे 30. बाळाची वाटी बिलात नव्हती.

सांडलवंड झाली तर? पोरीने मठ्ठ्याचा पेला पालथा केला. मी घाईने ओढणी काढून पुसायला लागले. वाढणारा पोरगा पोछा घेऊन आला आणि म्हणाला, ‘राहू द्या ताई, इथं रोज तीन पेले सांडतेत.’ एवढंच. तोंड वाकडं केलं नाही, मालकाकडे पाहिलं नाही. दुसरा पेला अर्धाच भरून आणला.

पण सगळं गोड नाही. जेवण येईपर्यंत टेबलावर फुटाणे आणि शेंगदाणे ठेवायची इथे पद्धत होती. चार-पाच वर्षांखालच्या पोराच्या हाती अख्खा शेंगदाणा म्हणजे घशात अडकायचा धोका, हसता-रडताना तर जास्तच. मी वाटी उचलून वर ठेवली आणि मालकाला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना पटल्यासारखं दिसलं नाही. ‘आमी तं फुटाण्यावरच वाढलो’ म्हणाले. दोन महिन्यांनी गेलो तर लेकरं असलेल्या टेबलांवर मुरमुरे होते. पटलं नसेलही, पण केलं.

गल्ल्याचं मात्र ऐकत नाहीत. गल्ल्यासमोर, बरोबर पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर, कुरकुऱ्यांच्या माळा आणि चॉकलेटच्या बरण्या. बिल देताना प्रत्येक आईची तिथे लढाई होते. मी म्हटलं, वर टांगा, नाहीतर त्या जागी वर्ध्याचा गोरसपाक, ते गाईच्या तुपातलं बिस्कीट, ठेवा, तो तरी खाण्याची वस्तू आहे. ते हसले आणि ‘त्यातच तं दोन पैसे सुटतेत’ म्हणाले. खोटं नाही बोलले.

उन्हाळ्यात कूलर लावतात, वाळ्याच्या ताट्या, गार वारा, पण पुढची जाळी एवढी मोकळी की पोराचं बोट आत जाईल. आम्ही त्या बाजूला बसत नाही. संडास स्वच्छ असतो, कडी वर आहे, पोरं आतून स्वतःला कोंडून घेऊ शकत नाहीत. पण बाळाचं लंगोट बदलायला जागा नाही. त्यासाठी पुन्हा पोत्यांची खोली.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अंगणाला फाटक नाही. निंबापासून चौपदरी रस्ता पन्नास पावलं. ट्रक जातो तेव्हा बाज हलते. झोळी आहे, छोटा नळ आहे, पण पोरगी निंबाखाली खेळत असेल तर आमच्यापैकी एक जण जेवत नाही, तिच्याकडे तोंड करून उभा राहतो. बहुतेक वेळा नवरा. त्याची भाकर गार होते.

हे मी पावसाळ्यातच सांगितलं होतं. मालक म्हणाले, पोळ्यानंतर लावतो. पोळा झाला, पोरांचा तान्हा पोळा झाला, दिवाळी झाली. आता म्हणतात, कापूस विकला की. सध्या रस्त्याच्या बाजूला दोन ड्रम ठेवून त्यांना दोरी बांधली आहे. माझ्या पोरीला ती उडी मारायला बरोबर उंचीची सापडली आहे.