ईकोला जोडलेलं ड्राइव्ह-अवे ऑनिंग : एक अख्खा पावसाळा काढल्यावर

ड्राइव्ह-अवे ऑनिंग म्हणजे गाडीच्या दाराला जोडायचा तंबू, जो तिथेच उभा ठेवून गाडी सोडवून नेता येते. आमच्या ऑनिंगबद्दल दिवाळीनंतर विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं. ऑनिंग ओलं असताना घडी करून ठेवल्यामुळे शिवणीची टेप (पाणी शिरू नये म्हणून शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी) सुटली असेल, तर वॉरंटी लागू होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ३४,५०० रुपयांची वस्तू, एक वर्षाची वॉरंटी. जाहिरातीत धो-धो पावसातला फोटो, आणि पावसात ओली झाली म्हणून वॉरंटी नाही! सप्टेंबरपासून मेल, फोन, फोटो, व्हिडिओ सगळं करून हाती लागलं ते एवढंच. म्हणून सविस्तर लिहिते आहे. ईको, ओम्नी किंवा तशाच बुटक्या गाडीला ऑनिंग जोडायचा विचार असेल, तर पैसे भरायच्या आधी हे वाचा.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. गाडी पाच सीटची ईको, मागे घडीची प्लायची फळी आणि गादी. कायमचा बदल काहीच केलेला नाही, त्यामुळे आरटीओची भानगड नाही. ऑनिंग हवा भरून फुगवायच्या कमानींचं, खालचा तळ शिवलेला, ३ बाय अडीच मीटरचं. मेमध्ये घेतलं, तेव्हापासून नऊ फेऱ्या झाल्या. त्यातल्या सात पावसातल्या.

या ऑनिंगचा एक भाग सोडला तर तक्रारीला जागा नाही, आणि तो एक भाग म्हणजे बोगदा. गाडीचं दार आणि तंबू यांना जोडणारा मीटरभर लांबीचा कापडी पॅसेज असतो ना, तो. विक्रेते तंबूबद्दल दहा ओळी लिहितात आणि बोगद्याबद्दल एक : '१८० ते २१० सेंमी उंचीच्या गाड्यांसाठी योग्य'. आपली ईको जेमतेम १.८ मीटर उंच आहे. म्हणजे बसते, नाही का? मीही तेच धरून चाललो होते. पण बोगद्याचं कापड २१० सेंमीच्या गाडीला पुरेल असं बेतलेलं असतं. गाडी तेवढी उंच नसेल तर ते फाजील कापड कुठे जाणार? मध्ये झोळ पडतो. उन्हाळ्यात तो दिसतही नाही. मेमध्ये मुरबाडच्या पुढे एका शेतावर पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी घरच्या ग्रुपवर कौतुकाने फोटो टाकले होते. त्या फोटोंत आता बघितलं तर झोळ स्पष्ट दिसतो.

जुलैचा दुसरा शनिवार, भंडारदरा, शेंडीजवळची एक खासगी जागा. ठाण्याहून कसारा, इगतपुरी, घोटीमार्गे दीडशेएक किलोमीटर. सोबत नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्या मूळच्या देवरुखच्या, पावसाचं त्यांना कौतुकच आहे. संध्याकाळी सातला झड लागली ती थांबेचना. तंबू आतून कोरडा ठणठणीत. साडेदहाच्या सुमारास सासूबाई गाडीतून उतरायला गेल्या आणि त्यांच्या डोक्याला वरून काहीतरी थंड, जड लागलं. टॉर्च मारला तर बोगद्याचं छत पखालीसारखं खाली लोंबत होतं, दाराच्या वरच्या कडेच्याही खाली. मी हाताने वर ढकललं आणि सगळं पाणी गाडीच्या बाजूने येऊन थेट गादीवर.

नंतर पुन्हा भरलं तेव्हा मी बाहेरून बादली धरून मोजलं. पंधरा लिटरची बादली काठोकाठ भरली आणि वर उरलं. म्हणजे पंधरा किलोंहून जास्त वजन त्या कापडावर आणि शिवणीवर लोंबत होतं. रात्रभर दर वीस मिनिटांनी उठून झाडूच्या दांड्याने छत वर करायचं, हाच उद्योग. सकाळी मुलीने विचारलं, "आई, तू झोपलीस कधी?"

कापडाचं हायड्रोस्टॅटिक हेड ३००० मिमी लिहिलेलं आहे, आणि ते खोटं नाही. कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तेवढा दाब ते सहन करतं, असा त्याचा अर्थ. पण हा आकडा कापडाचा असतो. शिवणीचा नसतो, चेनचा नसतो, गाडीच्या पत्र्याला कापड टेकतं त्या फटीचा तर मुळीच नसतो. पाणी साचलं की ते कापडाला सोडतं आणि शिवणीला धरतं. ठाण्यात चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, घाटमाथ्यावर त्याहून कितीतरी जास्त. तिथे साचू न देणं हेच सगळं काम आहे, आणि नेमकं तेच या बोगद्याला जमत नाही.

त्या आठवड्यात मी या ऑनिंगला दोन तारे दिले होते. रागाने दिले होते. आज ते मत तसंच राहिलेलं नाही, पण ते पुढे.

ईकोच्या छताला ऑनिंगसाठी रेल नसतेच. सुरुवातीला आम्ही सोबत आलेले दोन पट्टे गाडीवरून पलीकडे टाकून जमिनीत ठोकत होतो. सरळ पाऊस असेल तर चालतं. वाऱ्याचा पाऊस असेल तर कापड आणि पत्रा यांच्या मधून पाणी आत शिरतं, कितीही ताणा. मग वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून डाव्या दारावर अ‍ॅल्युमिनियमचं सी-चॅनल लावून घेतलं, ६ मिमीच्या दोरासाठीचं. बोगद्याच्या कडेला उशीच्या खोळीच्या पायपिंगसारखा जाड दोर शिवलेला असतो. चॅनलमध्ये इंग्रजी आठच्या आकाराची प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची आणि त्या पट्टीच्या दुसऱ्या खाचेत हा दोर. स्क्रू मारू दिले नाहीत. पत्र्याला भोक पाडलं की दोन पावसाळ्यांत गंज. सीलंटने चिकटवून एक दिवस गाडी तशीच ठेवली. २,२०० रुपये गेले, ते लागायलाच हवे होते. चॅनल लावताना सरकतं दार पूर्ण मागे नेऊन बघा. आमच्या दाराचा मागचा कोपरा बोगद्याच्या कापडाला घासत होता, म्हणून चॅनल चार बोटं पुढे घेतलं.

झोळाचा उपाय मात्र ५० रुपयांत झाला. वायरिंगवाले वापरतात तो २५ मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप. बोगद्याच्या आत दोन्ही अंगांना पडदा गुंडाळून बांधायचे बंद असतात. त्या दोन बंदांमधलं अंतर १९० सेंमी भरलं. पाइप २१५चा कापला आणि दोन्ही टोकं बंदांत अडकवली. लांबी जास्त असल्यामुळे पाइप आपोआप वर कमानीसारखा वाकतो आणि छताला पोटातून उचलतो. झोळ गेला, छताला दोन्हीकडे उतार आला. पाइपच्या टोकांना जुन्या मोज्यांच्या टोप्या घातल्या, म्हणजे कापडाला धार लागत नाही. दहा मिनिटांचं काम. असा एक पाइप कंपनीने पिशवीत टाकला असता तर त्यांचं काय गेलं असतं? उंची १८० ते २१० म्हणून विकताय, मग १८०च्या गाडीत काय होतं ते कुणी पावसात उभं करून बघितलं नाही का? चार महिने झाले तरी याचा राग जात नाही.

तरीही एक थेंब उरला होता. प्लॅस्टिकच्या पट्टीच्या पुढच्या टोकाशी पाणी गोळा होऊन बरोबर दाराच्या कोपऱ्यात, चपला काढतो तिथे ठिबकायचं. मी सीलंट लावलं, टेप लावली. सासूबाई दोन दिवस बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, त्याला अडवू नको, खाली यायला दोरी दे." परकराची सुती नाडी घेऊन त्यांनी पट्टीच्या टोकाला बांधली आणि दुसरं टोक बाहेरच्या खुंट्याला. पाणी नाडीवरून सरसर खाली, एक थेंब आत नाही. देवरुखच्या घरी पन्हळीच्या टोकाला त्या सुंभ बांधायच्या, पागोळीचं पाणी अंगणभर उडू नये म्हणून. ही नाडी मी अजून काढलेली नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा भंडारदऱ्याला गेलो, त्याच जागी, मुद्दाम. आणि त्या फेरीत मत बदललं. सकाळी तंबू तिथेच उभा ठेवून गाडी सोडवली आणि रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेलो. येताना रंधा धबधबा. परत आलो तेव्हा अंधार पडला होता, पाऊस सुरूच. खुर्च्या, अंथरुणं, डबे सगळं होतं तसं कोरडं. निघताना चाकांच्या मागे दोन दगड ठेवले होते, गाडी बरोबर त्यांना टेकवली, पट्टी सरकवली, पाइप अडकवला. पाच-सहा मिनिटं लागली असतील. आत जाऊन सासूबाईंनी थर्मासमधला चहा ओतला. तो अर्धा तास, छतावर पाऊस आणि आत आम्ही चौघं कोरडे, यासाठी मी पैसे दिले होते. गाडीलाच जखडलेलं साधं ऑनिंग असतं तर सकाळी सगळं ओलं गुंडाळावं लागलं असतं. पावसाळ्यात ड्राइव्ह-अवेच घ्या, हे मी ठामपणे सांगेन.

खुंटे सोबत आले ते निरुपयोगी. भाताच्या खाचराशेजारच्या चिखलात ते लोण्यातल्या सुरीसारखे निघतात. १० मिमी सळीचे फूटभर लांबीचे खुंटे वेल्डरकडून करून घ्या. आणि पहाटे आतून छताला थेंब दिसले तर गळती म्हणून घाबरू नका, तो चौघांच्या श्वासाचा दमटपणा असतो. वरच्या आणि खालच्या जाळ्या पावसातही थोड्या उघड्या ठेवल्या की कमी होतो. पाऊस आहे म्हणून बंद ऑनिंगमध्ये गॅस पेटवून स्वयंपाक करू नका, आणि जोडलेलं असताना गाडीचं इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आम्ही स्वयंपाक बाहेर ताडपत्रीखाली करतो.

आता टेपचा विषय. बोगद्याच्या मधल्या शिवणीवरची टेप सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वीतभर सुटली. आतून बघितलं तर शिवणीवर एका रांगेत मोहरीएवढे थेंब, समान अंतरावर. मी जांभळी नाक्याजवळच्या एका छत्री दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. विक्रेत्याचं तीन आठवडे उत्तरच नव्हतं आणि पुढची फेरी ठरली होती. त्यांनी कापड डोळ्यांसमोर उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, शिवण पक्की आहे. पाणी सुईच्या भोकातून येतंय." जुन्या टेपचा चिकट थर स्पिरिटने पुसला, पॉलीयुरेथेनचं गोंद पातळ पसरलं, वर पट्टी बसवून वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी या म्हणाले. १८० रुपये घेतले. त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत एक थेंब नाही. कंपनीच्या तंत्रज्ञांनी फोटो बघून तीन मेलमध्ये जे सांगितलं नाही ते त्यांनी एका मिनिटात सांगितलं.

ओलं ठेवलं हा आरोप मला खरोखर लागला, कारण वाळवण्यासाठी आम्ही जे केलं ते घरातल्यांनाच माहीत. आठव्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, जुलैची हवा, त्यात ऑनिंग कुठे पसरणार? पहिल्या वेळी हॉलमध्ये पंख्याखाली टाकलं, तिसऱ्या दिवशी घरभर कुबट वास. मग सेक्रेटरींना विनंती केली आणि रविवारी रात्री स्टिल्ट पार्किंगमध्ये खांबापासून खांबापर्यंत दोऱ्या बांधल्या. वर छप्पर, दोन्हीकडून वारा. सोमवारी सकाळी दहाच्या आत काढायचं, या अटीवर त्यांनी परवानगी दिली, आणि संपूर्ण पावसाळा कुणी कुरकुर केली नाही, त्याबद्दल सोसायटीचे आभार. तिकडून निघतानाच फडक्याने पुसून घ्यायचं आणि घड्यांमध्ये सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या घालायच्या. साड्या पाणी पितात, त्या बाल्कनीत वाळतात. ओलं ऑनिंग चोवीस तासांपेक्षा जास्त पिशवीत राहिलेलं नाही, एकदाही नाही. बुरशीचा एक ठिपका त्यावर दाखवा. मी विक्रेत्याला फोटोंसोबत हेच लिहून पाठवलं होतं.

तारे आता साडेतीन. ऑनिंगला चार, विक्रेत्याला एकही नाही, आणि बोगद्यासाठी अर्धा कापला.

पाइप घेणाऱ्यांसाठी : पातळ भिंतीचा घेऊ नका, थंडीत वाकवताना मोडतो. मध्यम जाडीचा मागा. आणि कापायच्या आधी आपल्या बोगद्यातलं बंदांमधलं अंतर स्वतः मोजा, पाइप त्यापेक्षा २५ सेंमी मोठा ठेवा. आमचा पहिला पाइप ४० सेंमी मोठा कापला गेला होता, त्याने छत इतकं ताणलं की चेन लागेना.