.३१५ रायफलचं मॅगझिन: पत्रा किती जाड, यापेक्षा ओठ आणि पाठ बघा

विदर्भात परवान्यावर रायफल असलेल्या शेतकऱ्याच्या घरी बहुतेक वेळा .३१५ स्पोर्टिंगच असते. ईशापूर कारखान्याची, बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे करून चालणारी), पाच राऊंडची. रचना जुन्या लष्करी ली-एनफिल्डची, फक्त बोअर, म्हणजे नळीचं माप, नागरी. .३०३ लष्करी बोअर असल्यामुळे परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून त्याच ॲक्शनवर ८×५० रिमचं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) काडतूस बसवलेली ही बंदूक तयार झाली. नळी आणि बोल्ट दोन पिढ्या जातात. आधी थकतं ते मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा. जागलीला नेलेली बंदूक ऐन वेळी अडली तर दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडतो, आणि दुकानदार हमखास सांगतो, ‘हे घ्या, जाड पत्र्याचं आहे, मोडणार नाही.’

पत्र्याच्या जाडीवर मॅगझिन निवडू नका. भिंत जाड करायची तर जाडी आत तरी जाते, नाहीतर बाहेर. आत गेली की काडतुसं डावी-उजवी रचून बसायला जागा कमी पडते आणि तिसऱ्या-चौथ्या राऊंडला फॉलोअर (स्प्रिंगवर बसून काडतुसं वर ढकलणारी पट्टी) अडखळतो. बाहेर गेली की मॅगझिन रिसीव्हरमध्ये (बोल्ट बसतो त्या सांगाड्यात) घासत वर चढतं आणि पूर्ण बसल्यासारखं वाटूनही केसभर खाली राहतं. मजबुती तीन ठिकाणी हवी: काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ, मॅगझिन धरून ठेवणारा कॅच जिथे अडकतो ती मागची पाठ, आणि तळाचा जोड. बाजूच्या भिंतीला दाबून काढलेली एखादी रिब (उठावाची पट्टी) असेल तर चांगलंच, डबा चेपत नाही. पण ओठ मऊ असतील तर ती रिब काही कामाची नाही.

बाजारात तीन तऱ्हेचा माल दिसतो.

कारखान्याचं नवं मॅगझिन मिळालं तर तेच घ्यावं. पोलाद योग्य असतं, ओठांना पाणी दिलेलं असतं. उणीव असते ती फिनिशची. ओठांच्या आतल्या कडेला बारीक बर (कापताना राहिलेली धातूची खरखरीत धार) राहिलेली असू शकते आणि ती पितळी पुंगळीवर चरे पाडते. बोटाने ती नेहमी कळत नाही. बोंडातला चिमूटभर कापूस घ्या आणि ओठांच्या कडेवरून मागून पुढे हलक्या हाताने फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे बर आहे. गनस्मिथ बारीक ऑइल स्टोनने दोन मिनिटांत ती काढून देतो. कानस लावू देऊ नका, कानशीने कड बसते आणि माप बदलतं.

दुसरा माल म्हणजे जुन्या .३१५ वरून निघालेलं, वापरलेलं मॅगझिन. हे आम्हाला वाईट वाटत नाही, उलट अनेकदा जुन्या मालाचं पोलाद आणि घडण सरस असते. मात्र ही मॅगझिन मूळ बंदुकीला हाताने बसवलेली असतात. एकीत सुरळीत चालणारं दुसरीत चालेलच असं नाही. तुमच्या रायफलवर लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरा, ‘मिलिटरीचं आहे’ म्हणून दाखवलं जाणारं १० राऊंडचं .३०३ चं किंवा चौकोनी ठेवणीचं ७.६२ चं. याला हात लावू नका. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटरची, .३१५ ची ५० ची, उतारही वेगळा, म्हणजे ओठ ज्या जागी धरायला हवेत त्या जागी धरत नाहीत. ७.६२ च्या काडतुसाला बाहेर आलेली रिमच नसते, त्यामुळे त्याचे ओठ आपल्या रिमच्या काडतुसासाठी घडवलेलेच नाहीत. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. प्रतिबंधित बोअरच्या रायफलचा भाग घरात सापडला तर तो नुसता लोखंडी डबा होता हे सांगून सुटका नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घ्यायचा विचारही याच कारणाने सोडा. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करा, परवाना दाखवून, बिलावर बोअर लिहून घेऊन. बंदूक सोबत न्यायची असल्याने परवान्याची हद्द जिल्ह्यापुरती आहे की राज्यभर, हे गाव सोडण्याआधी पाहून घ्या. यवतमाळच्या हद्दीचा परवाना नागपूरच्या दुकानापर्यंत पुरत नाही.

आता दुकानातली तपासणी. सोबत पाच डमी काडतुसं असावीत, बारूद आणि टोपी नसलेली. जिवंत राऊंड घालून बोल्ट चालवून पाहणं दुकानातही नको आणि घरात तर मुळीच नको. ली-एनफिल्डच्या चालीत बोल्ट पुढे ढकलताना घोडा चढतो, एक चूक पुरते.

आधी मॅगझिन रिकामं हातात घ्या. दोन्ही ओठांवर अंगठे ठेवून बाहेरच्या दिशेने जोर द्या. चांगला ओठ हलत नाही. जरा जरी फाकला तर बाजूला ठेवा. मग व्हर्निअरने दोन ओठांमधलं अंतर मागे, मध्ये आणि पुढे असं तीन जागी मोजा आणि ते तुमच्या जुन्या, कधीकाळी नीट चाललेल्या मॅगझिनच्या मापाशी ताडून बघा. म्हणून जुनं मॅगझिन चांगलं चालत असतानाच त्याची मापं वहीत लिहून ठेवलेली बरी. अर्धा मिलिमीटर फरकसुद्धा राऊंड ओठांतून निसटायला पुरतो.

पुढे फॉलोअर. तो बोटाने पुढच्या टोकाला दाबा, मग मागच्या टोकाला, मग तिरका. कुठेही अडकून राहता कामा नये, सोडला की झटक्यात वर आला पाहिजे. नंतर पाच डमी भरा. पाचवा बसल्यावर वरून अंगठ्याने दाबला तर थोडासा खाली जायला हवा. अजिबात दबत नसेल तर आतली जागा कमी आहे आणि भरलेलं मॅगझिन बंद बोल्टखाली चढणार नाही. फार सैल दबत असेल तर स्प्रिंग मेलेली आहे.

शेवटी ते रायफलला लावा. ट्रिगर गार्डच्या आत पुढच्या बाजूला कॅच असतो, तो ‘टक’ असा स्पष्ट वाजला पाहिजे. लागल्यावर मॅगझिन धरून खाली ओढा, मग पुढे-मागे हलवा. थोडा खुळखुळाट चालतो, खाली उतरणं चालत नाही. मग पाचही डमी आधी सावकाश, नंतर जोमाने बोल्ट मारून काढा. असं दहा वेळा करा. पन्नास राऊंडमध्ये एकदाही अडलं तर ते मॅगझिन घेऊ नका. ‘वापरात सेट होईल’ असं सांगतील. स्प्रिंग थोडी सेट होते, ओठ आणि पाठ होत नाहीत.

अडलं तर का अडलं, हे ओळखता आलं की निम्मा खर्च वाचतो. बोल्ट राऊंडच्या वरून मोकळाच पुढे जातो, ही सर्वांत नेहमीची तक्रार. तेव्हा तळहाताने मॅगझिन खालून वर दाबून धरा आणि पुन्हा बोल्ट मारा. आता राऊंड उचलला गेला तर दोष पाठीचा किंवा कॅचचा आहे, म्हणजे मॅगझिन खाली बसतंय. तरीही उचलला नाही तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा फॉलोअर मातीने जाम झालाय. काडतुसाचं तोंड खाली वाकून समोरच्या भिंतीला धडकत असेल तर नागमोडी पट्टीच्या स्प्रिंगची पुढची बाजू बसली आहे, नाहीतर साफ करताना ती कुणीतरी उलटी घातली आहे. ही दुसरी गोष्ट फार वेळा होते, नवं मॅगझिन घ्यायच्या आधी तेवढं पाहा. एका झटक्यात दोन राऊंड वर येत असतील तर ओठ फाकलेत.

आणि एक बिघाड असा आहे की ज्यात मॅगझिनचा काहीच दोष नसतो. .३१५ चं काडतूस रिमचं आहे. वरच्या काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे असायला हवी. मागे राहिली की वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडकतं आणि दोन्ही गच्च बसतात. भरताना प्रत्येक राऊंड आधीच्या रिमच्या पुढून खाली दाबायचा आणि मग मागे सरकवायचा. पाचही भरून झाले की बाजूने एकदा पाहायचं. अंधारात, मळ्याच्या मचाणावर बसून भरू नका. या कारणासाठी चांगली मॅगझिन बदललेले लोक पुष्कळ आहेत.

दुरुस्तीबद्दल आमचं मत कडक आहे. पक्कडीने ओठ वाकवू नयेत. पाणी दिलेल्या पोलादाला पक्कडीने वाकवलं की वाकलेल्या ठिकाणी केसासारखी चीर पडते, ती आज दिसत नाही आणि सहा महिन्यांनी तुकडा निघतो. वेल्डिंगची उष्णता ओठापर्यंत गेली की त्याचं पाणी उतरतं आणि तो शिशासारखा मऊ होतो. स्प्रिंग हाताने ताणली तर चार दिवस जोर येतो, मग घडीवर मोडते. स्प्रिंग बदलायचीच असते, आणि ती वेगळी मिळत असेल तर अख्खं मॅगझिन घ्यायची गरज नाही.

आपल्याकडच्या हवामानाचा विचार वेगळा करावा लागतो. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तेल दिसलं की चिकटते. मॅगझिनच्या आत तेल थबथबवलं तर महिनाभरात तिथे काळा लगदा होतो. दुसरा तोटा मोठा: तेल झिरपत काडतुसाच्या टोपीपर्यंत गेलं तर राऊंड फुसका निघतो. साफ करताना फॉलोअरची मागची, रुंद बाजू खाली दाबा, पुढचं टोक ओठांतून मोकळं होतं, मग फॉलोअर आणि स्प्रिंग एकत्र बाहेर येतात. ते येताना स्प्रिंग कशी बसली होती ते नीट पाहून ठेवा. आतून रॉकेलने पुसा, जुन्या धोतराच्या कापडाने कोरडं करा, बंदुकीच्या पातळ तेलाचा एक थेंब चिंधीवर घेऊन पातळ हात फिरवा आणि तोही पुन्हा पुसून टाका. बाहेरून थोडं जास्त चालेल.

खोबरेल तेल लावू नका. घरोघरी लावतात, म्हणून मुद्दाम सांगतो. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत हरभरा आणि तुरीच्या जागलीला रात्रीचा पारा दहाच्या आसपास असतो, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत फॉलोअरभोवती मेण साचल्यासारखं होतं आणि तो सुस्तावतो. दिवसा उन्हात तपासलं तर सगळं छान चालतं, त्यामुळे दोष सापडतही नाही.

ठेवण्याच्या बाबतीत सर्वांत घातक चूक म्हणजे खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळणं. युरियाचे कण हवेतला ओलावा ओढतात आणि एका पावसाळ्यात पाठीवर खड्डे पडतात. चामडी पाकीटही ओल धरतं. कोरड्या सुती कापडात, कुलूपबंद लोखंडी पेटीत, काडतुसांपासून वेगळं ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून बघा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं पत्र येऊ शकतं. तिथून परत आलेल्या बंदुकीची नळी सहसा ठीक असते, कारण जमा करताना लोक नळीला तेल लावतात. मॅगझिन कुणाच्या लक्षात राहत नाही. जमा करण्याआधी ते रिकामं करा, आतून कोरडं पुसा, बाहेरून तेलाचा हात जरा जाड ठेवा, आणि पावतीवर रायफलच्या नंबरसोबत ‘मॅगझिन एक’ असं लिहून घ्या. जादा मॅगझिन असेल तर त्याचीही नोंद हवी. परत घेताना तिथेच फॉलोअर दाबून बघा आणि ओठांवर अंगठा फिरवा.

दोन मॅगझिन ठेवावीत का, असं विचारलं जातं. ठेवावीत, दोन्ही त्याच रायफलवर तपासलेली, आणि तळाला एक-दोन असा रंगाचा ठिपका देऊन. अडलं तर कोणतं अडलं ते कळतं. रानडुकरासाठी वनविभागाची लेखी परवानगी घेऊन बसलेल्या माणसाला एका रात्रीत पाचपेक्षा जास्त राऊंड लागत नाहीत. दुसरं मॅगझिन जास्त गोळ्यांसाठी ठेवायचं नसतं, पहिल्याचे ओठ गेले तर हाताशी असावं म्हणून ठेवायचं. हे दुसरं मॅगझिन वापरलेलं, जुन्या मालाचं चाललं तरी हरकत नाही. पहिलं मात्र कारखान्याचं नवंच असू द्या.