गावची जिल्हा परिषद शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा?

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावांत घरोघरी हीच चर्चा सुरू होते. एका बाजूला गल्लीच्या टोकाला असलेली, चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा. दुसऱ्या बाजूला इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा, जिची पिवळी गाडी रोज सकाळी पारापाशी येऊन उभी राहते. आमच्या घराने या दोन्ही शाळा अनुभवल्या आहेत. मुलगी केजीपासून दुसरीपर्यंत खासगी शाळेत होती आणि तिसरीला तिला आम्ही गावच्या शाळेत आणले. धाकटा मुलगा पहिलीपासून गावच्याच शाळेत आहे. पुढे जे लिहितो आहे त्याला एवढ्या एका घराचाच आधार आहे. दुसऱ्या गावात, दुसऱ्या शिक्षकांच्या हाताखाली चित्र वेगळे असू शकते, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे. फी, गणवेश, पुस्तके आणि पोषण आहार यांचा हिशेब प्रत्येक पालकाला तोंडपाठ असतो, म्हणून त्यात शिरत नाही.

खासगी शाळेच्या चांगल्या गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण त्या खऱ्या आहेत. तिथे प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षिका होती. शाळा वेळेवर भरायची आणि वेळेवर सुटायची. स्वच्छतागृहांत पाणी असायचे. निवडणुका आल्या म्हणून वर्ग कधी रिकामा राहिला नाही. मुलगी चारचौघांत उभी राहून न घाबरता चार वाक्ये बोलू लागली, आणि ही लहान गोष्ट नाही; मला स्वतःला दहावीपर्यंत ते जमले नव्हते. ज्यांच्या गावात शाळेला एकच शिक्षक आहे, किंवा ज्यांची नोकरी फिरतीची असून मुलांना पुढे बाहेरच्या राज्यात शिकावे लागण्याची शक्यता आहे, त्यांनी ही शाळा निवडली तर त्यात काही चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

मुलीच्या वह्या पाहून तर कोणालाही समाधान वाटले असते. अक्षर मोत्यासारखे, उत्तरे पूर्ण वाक्यांत, प्रत्येक पानावर लाल खूण आणि शेरा. दुसरीच्या सहामाहीनंतर एका रात्री मी तिला इंग्रजीचा धडा वाचायला बसवले. तिने तो खाडखाड वाचून दाखवला. मग सहज म्हणून मी चित्रावर हात ठेवला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून ‘इथून वाच’ म्हटले. ती थांबली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागली. त्याच धड्यातले सात-आठ शब्द मी एका चिठ्ठीवर उलटसुलट क्रमाने लिहून दिले, तेव्हा त्यांतले तीन तिला आले. मराठीचे पुस्तक काढले, तर जोडाक्षर आले की गाडी अडायची. धडा तिला पाठ होता, वाचता येत नव्हता, आणि वहीतली ती सुंदर उत्तरे फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली होती.

एवढ्यावरून मी शाळा बदलली नसती. मूल सात वर्षांचे होते, आणि वाचन कोणाला लवकर येते तर कोणाला उशिरा. मला फक्त वर्गात काय चालते ते पाहायचे होते, आणि नेमके तेच तिथे शक्य झाले नाही. पालकांनी फाटकापर्यंत यायचे, पुढे नाही, असा तिथला नियम होता. मी विनंती केली की एखाद्या दिवशी अर्धा तास मागच्या बाकावर बसू द्या. उत्तर मिळाले की तशी पद्धत नाही, काही शंका असेल तर डायरीत लिहा. मी डायरीत सविस्तर लिहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या मजकुराखाली ‘नोटेड’ असा शिक्का आणि सही आली. आठवड्याने पुन्हा लिहिले, पुन्हा तोच शिक्का. पालकसभेच्या दिवशी मात्र वर्ग उघडे होते, पण तेव्हा भिंतींवर पताका होत्या, मुले घरी होती आणि टेबलावर त्याच सुंदर वह्या मांडलेल्या होत्या. फी भरण्याची खिडकी तेवढी आमच्यासाठी रोज उघडी असायची. सुरक्षेसाठी फाटक बंद ठेवावे लागते हे मला मान्य आहे. तरीही, ज्या खोलीत आपले मूल दिवसाचे सहा तास काढते ती खोली चालू असताना वर्षातून एकदाही पाहता येऊ नये, हे मनाला पटत नव्हते. बाकी सगळे मी चालवून घेतले असते. या एका गोष्टीवर माझे मन उठले.

यात कायद्याचाही एक भाग आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असे घातले. पण ही सक्ती विनाअनुदानित खासगी शाळांना लागू नाही. त्यांच्याकडे पालक-शिक्षक संघ असतो, मात्र राज्याच्या २०११ च्या कायद्यात त्याचा विचार मुख्यतः फी ठरवण्याच्या संदर्भात आहे. वर्गात काय शिकवले जाते हे विचारण्यासाठी पालकाला बसायला खुर्ची आहे ती सरकारी शाळेत, मग आपण त्या खुर्चीवर बसतो की नाही हा वेगळा प्रश्न.

गावच्या शाळेला फाटक आहे, पण दुपारी त्याला कुलूप नसते. मुलीचे नाव घालण्याआधी मी नोव्हेंबरातल्या एका साध्या मंगळवारी अकराच्या सुमाराला तिथे गेलो. मॅडमना सांगितले, त्यांनी ‘या, बसा’ म्हटले आणि त्या पुन्हा शिकवू लागल्या. दुसरीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी चालली होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवले होते. बेचाळीसमधून सतरा वजा करायचे होते. एका मुलासमोर चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या होत्या, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून तो खोळंबला होता. मॅडम काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याने स्वतःच एका गठ्ठ्याची सुतळी सोडली, काड्या मोजल्या, बारा झाल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळले की हातचा म्हणजे काय ते आता त्याला कोणी वेगळे सांगायला नको. मला शाळेत हातचा ‘घ्यायचा’ हे शिकवले होते, तो येतो कुठून हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या घरी अहिराणी बोलतात. खासगी शाळेत अहिराणी बोलले की समज मिळायची, आणि मुलगी हळूहळू आजीशी बोलतानाही अडखळू लागली होती. गावच्या वर्गात फळ्याच्या एका बाजूला दोन रकाने आखलेले होते: घरी ‘आठे’, पुस्तकात ‘येथे’, घरी ‘तठे’, पुस्तकात ‘तेथे’, घरी ‘आंडोर’, पुस्तकात ‘मुलगा’. पुस्तकातला भोपळा म्हणजे आपले गंगाफळ, हे कळल्यावर एक मुलगी मोठ्याने हसली. मुलांची बोली चूक न ठरवता प्रमाण मराठीकडे नेण्याचा हा रस्ता मला फार मोलाचा वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावांत, जिथे घरी पावरी किंवा भिली बोलली जाते, तिथे तर पहिलीच्या मुलाचे शाळेत टिकणे बरेचसे याच रस्त्यावर अवलंबून असते.

आता गावच्या शाळेची दुखणीही सांगतो, कारण ती झाकून निर्णय घेणे म्हणजे मुलांची फसवणूक आहे. पट साठाच्या आत असला तर पहिली ते पाचवीसाठी शिक्षक दोनच मिळतात; म्हणजे आमच्याकडे चार इयत्ता आणि दोन खोल्या. एका इयत्तेला शिकवताना दुसरी लेखनकाम करत बसते, आणि शिक्षक मनाने चांगले नसतील तर ते लेखनकाम म्हणजे नुसता वेळ घालवणे ठरते. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण या कामांना शिक्षकांना जुंपण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यानेच ठेवली आहे. शिवाय प्रशिक्षणे आणि रोजची ऑनलाइन माहिती असतेच. एक शिक्षक बाहेर गेला की दुसऱ्याच्या अंगावर चारही इयत्ता येतात. मुलगी तिसरीत असताना असे दिवस मी मोजत गेलो आणि मोजताना माझा जीव तुटला. इंग्रजी इथे पहिलीपासून असली तरी बोलण्याचा सराव कमीच. आणि सगळ्यांत मोठी धास्ती बदलीची: शाळा चांगली असते म्हणजे पुष्कळदा दोन माणसे चांगली असतात, आणि ती माणसे एका उन्हाळ्यात निघून जाऊ शकतात. म्हणून नाव घालण्याआधी शिक्षकांना या शाळेत किती वर्षे झाली हे जरूर विचारावे. त्यात संकोच मानू नये.

तरीही आमच्यापुरते सांगायचे तर, दिवाळीनंतर मुलगी कोणत्याही ओळीपासून मराठी वाचू लागली, आणि वर्षाच्या शेवटी इंग्रजीची छोटी, न पाहिलेली वाक्येही लावून वाचू लागली. वय वाढल्यामुळेही हे झाले असेल. मी त्याचे सगळे श्रेय शाळेला देत नाही. पण ते होताना मला दिसत होते, आणि अडले तेव्हा कुठे अडले हेही दिसत होते. चारचौघांत बोलण्याचा तिचा धीटपणा मात्र पहिल्या शाळेने दिलेला आहे आणि तो टिकून आहे, हेही कबूल करायला हवे.

शाळा पाहायला जाणाऱ्याने कागदावर फार विसंबू नये असे माझे मत आहे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी माहितीसाठ्यातला शाळेचा क्रमांक, असतो आणि त्यावरून पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती घरबसल्या मिळते. ती जरूर पाहावी, पण स्वच्छतागृह ‘आहे’ आणि त्याला कुलूप नाही यांतला फरक तिथे गेल्याशिवाय कळत नाही. वाचनाची परीक्षा घ्यायची असेल तर ‘असर’च्या, म्हणजे गावोगावी मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या, पाहणीत वापरतात तो मार्ग घरच्या घरी करता येतो: अक्षर, शब्द, परिच्छेद आणि मग दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा चढत्या क्रमाने मुलाला वाचायला द्यावे आणि ते कुठे थांबते ते पाहावे. तिसरीपर्यंत मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत, हेच केंद्र सरकारच्या २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानाचेही उद्दिष्ट आहे. तेव्हा ही अपेक्षा ठेवणे म्हणजे शाळेकडे काही जास्तीचे मागणे नव्हे. मात्र मजकूर मुलाच्या पुस्तकाबाहेरचा असावा. आणि वर्गात गेलात तर शिक्षक ज्याला पुढे करतील त्या हुशार मुलाची वही बाजूला ठेवून, मधल्या रांगेतल्या गप्प बसलेल्या मुलाची वही मागून घ्यावी. त्या वहीत चुका दिसल्या, त्या दुरुस्त केलेल्या दिसल्या, आणि शेजारच्या मुलाच्या वहीत वेगळ्या चुका दिसल्या, तर वर्गात शिकवणे चालू आहे असे समजायला हरकत नाही. सगळ्या वह्यांत एकच उत्तर एकाच वळणाने आले असेल, तर मी तरी दोनदा विचार करीन. ग्रंथालयाच्या पेटीतल्या पुस्तकांचे कोपरे पाहावेत. मुलांच्या हातून फिरलेले पुस्तक कोरे करकरीत राहत नाही.

दोन शिक्षक पूर्ण असतील, त्यांतला एक तरी मन लावून शिकवणारा असेल आणि वर्गाचे दार उघडे असेल, तर माझा कौल गावच्या शाळेला आहे. यांतले काहीच नसेल तर आग्रह धरू नये. शेजारच्या गावची जिल्हा परिषद शाळा पाहावी, नाहीतर ज्या खासगी शाळेत वर्ग पाहू देतात ती शोधावी. अशाही शाळा असतील, मला भेटली ती तशी नव्हती एवढेच.

पाहायला कधी जावे, एवढे मात्र मी ठामपणे सांगू शकतो. पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला जाऊ नये, आणि परीक्षांच्या एप्रिलमध्येही नाही. आपल्याकडे कापसाची वेचणी जोरात असते त्या दिवसांत जावे, कारण तेव्हा मोठी मुले आईबरोबर वावरात जातात आणि लहान भावंडांना सांभाळायला त्यांच्या बहिणी घरी राहतात. हजेरीपट मागावा आणि समोर बसलेली डोकी मोजावीत. आमच्या शाळेत त्या मंगळवारी पटावर तेवीस असताना वर्गात एकोणीस होती, आणि हजेरीपटावर चौघांची गैरहजेरी खरीखुरी लिहिलेली होती. मधल्या सुट्टीत मुलांच्या पंगती बसल्यावर मॅडमनी सरांना लक्ष ठेवायला सांगितले आणि त्या चौघांपैकी एकीच्या आईला भेटायला त्या शेताकडच्या वाटेने निघाल्या.